सासू, सून आणि कळशी

भाड्याची खोली बघायला गेले, तेव्हा काकूंनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, कांदा-लसूण खाते का तेही विचारलं नाही. मी जिना चढत होते तेवढा वेळ त्या वरच्या कठड्याला टेकून, मान तिरकी करून, माझी पावलं ऐकत उभ्या होत्या. मी धापा टाकत समोर आले तशा म्हणाल्या, "उजवा गेलाय तुझा. घुटना. कधीपासून?"

निवृत्ती दृष्टीच्या टप्प्यात आली असताना बँकेने माझी बदली बनारसला केली होती. नवरा, घर आणि चांगला ऑर्थोपेडिक, तिन्ही पुण्यात राहिले होते. मंगला गौरीच्या गल्लीत मराठी माणसांची घरं आहेत, जेवणाखाणाची आबाळ होणार नाही, असं कोणीतरी सांगितलं म्हणून मी आले होते. गल्लीत पायऱ्या, घरात पायऱ्या, देवळाला पायऱ्या आणि खाली गंगेपर्यंत नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. माझ्या तोंडावर ते सगळं दिसलं असणार. काकू म्हणाल्या, "काशीत विश्वनाथ नंतर गं. आधी सीढ्या."

भाडं ठरलं की नाही ते मला आठवत नाही, पण जिना कसा चढायचा ते मात्र त्याच दिवशी ठरलं. काकूंचा डावा गुडघा धडधाकट होता, त्याचं नाव सून. कामसू, गुणी, तोंडातून शब्द नाही. उजव्याचं नाव सासू. सासू ढग आले की कुरकुरायची, एकादशीला कुरकुरायची, कोणी पाहुणा आला की हमखास कुरकुरायची. काकूंचा नियम असा, की चढताना सून पुढे आणि उतरताना सासू पुढे. चढताना जोर लागतो तो चांगल्या पायाने लावायचा, आणि उतरताना दुखऱ्याला आधी खाली ठेवायचं म्हणजे शरीराचा भार चांगला पाय सांभाळून घेतो. फिजिओथेरपीच्या मुलीने हे त्यांना हिंदीत नीट समजावलं होतं, काकूंनी फक्त घरात आणून त्याला नाती चिकटवली. माझ्या उजव्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवून, मला तो वाकवायला लावून, आतली करकर ऐकून त्यांनी निदान केलं, की ही काही सासू नाही, ही नणंद आहे. हिला कामाला लावलं की हिचं बोलणं कमी होईल.

गल्लीतला भाजीवाला रोज सकाळी टोपली उतरवता उतरवता "अम्मा, आज सास कैसी हैं?" असं विचारायचा. काकूंची खरी सासू जाऊन कित्येक वर्षं झाली होती, त्यामुळे नवा माणूस चक्रावून जायचा. काकू गंभीरपणे तब्येतीचा अहवाल द्यायच्या आणि मगच कोथिंबिरीला हात लावायच्या.

साठी ओलांडून काही वर्षं झालेली ही बाई मुळात अशी नव्हती, असं त्याच सांगायच्या. घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं. त्यांचं मराठी घरातल्या घरात वाढलेलं, त्यात हिंदी अशी मिसळलेली की दुधातल्या साखरेसारखी कोणी वेगळी काढू शकणार नाही. काकांच्या पश्चात गुडघा सुजला आणि सगळ्यांनी मिळून त्यांना बसवलं. शेजारणी भाजी आणून द्यायच्या, कामवाली पाण्याचा पेला हातात द्यायची, मुलगा फोनवर "उठू नकोस" म्हणायचा. सगळे प्रेमानेच करत होते. बसून बसून मांड्या वातीच्या कापसासारख्या झाल्या आणि मग गुडघा जास्तच दुखू लागला. पंचगंगेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर राहून त्या बादलीत तांब्याभर गंगाजल ओतून न्हाणीघरात अंघोळ करायच्या. हे सांगताना काकूंचा आवाज बदलायचा. बाकी कशाचं त्यांना वाईट वाटलं नाही, याचं वाटलं.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रियेचं पुढे बघू, आधी गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट करा. आणि त्या फिजिओच्या मुलीकडे पाठवलं. मुलगी म्हणाली, खुर्चीवर बसा, उठा, परत हळू बसा. अडचण अशी होती, की त्या घरात पाट होते, चटया होत्या, एक दिवाण होता, आणि खुर्ची एकच होती. ती काकांची. काका विद्यापीठात संस्कृत शिकवायचे. खिडकीशी त्यांची लाकडी खुर्ची, पाठीवर त्यांचं घडी घातलेलं उपरणं. ते गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलेलं नव्हतं. मुलगासुद्धा यायचा तेव्हा जमिनीवर बसायचा.

काकू एक अख्खा दिवस त्या खुर्चीभोवती घुटमळल्या. मग संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जरा सरका. मला काम आहे." हे त्यांनी मला जराही न हसता सांगितलं आणि मलाही हसू आलं नाही.

खुर्ची त्यांच्या गुडघ्याला बुटकी पडत होती, म्हणून त्यावर दोन गोधड्या दुमडून ठेवल्या. जितकं उंच तितकं उठणं सोपं. पाय सशक्त झाले तशी एक गोधडी निघाली, बऱ्याच महिन्यांनी दुसरीही निघाली. पण तोवर काकूंच्या हाती माणसं मोजायचं एक माप आलं होतं. समोरच्या घरातल्या वहिनी "अजून दोन गोधड्यांच्या" होत्या. देवळातले गुरुजी "एका गोधडीचे, पण कबूल करत नाहीत." मला त्यांनी पहिल्या दिवशी दोन गोधड्यांवर बसवलं आणि मी हात टेकून उठले तर माझ्या हातावर चापट मारली. "हात मांडीवर. नाक पुढे. नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढे गेल्याशिवाय बूड उठत नाही." बँकेत माझ्या हाताखाली अर्धी शाखा होती. पण काकूंपुढे मी रोज सकाळी चहाआधी नाक पुढे करून उठत होते आणि बसत होते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं. परक्या गावात कोणीतरी आपल्या गुडघ्याची इतकी चौकशी करावी, याचं सुख निराळंच असतं.

मग कळशी आली. काकूंना नुसतं उठणं-बसणं सोपं झालं तेव्हा फिजिओच्या मुलीने हातात थोडं वजन धरायला सांगितलं. मुलाने लगेच ऑनलाइन गुलाबी डंबेल पाठवले. काकूंनी ते दोन्ही बाजूंनी निरखले आणि वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराशी ठेवून दिले. वजन उचलायचं तर कामाचं उचलावं, असं त्यांचं म्हणणं. देवघरातली पितळी कळशी गंगाजलाने थोडी भरली, छातीशी दोन्ही हातांनी धरली आणि काकांच्या खुर्चीवर हळूहळू बसल्या. पाणी डचमळलं की घाई झाली असं समजायचं. पदर भिजला तर ती बैठक धरायची नाही. मी पहिल्या दिवशी गळ्यापासून कमरेपर्यंत भिजले. खाली बसताना अंग सोडून द्यायची मला सवय होती, धप्पकन बसायची, आणि गुडघ्याचं जे काही वाटोळं झालं होतं ते या धप्पकन बसण्याने आणखी झालं होतं. शंभरदा "हळू" म्हणून जे कळलं नसतं ते कळशीने एका सकाळी कळवलं.

दर मंगळवारी मंगला गौरीचं दर्शन घेऊन आलं की कळशीत एक फुलपात्र पाणी वाढायचं. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा गरम लागला, तर एक फुलपात्र काढायचं. "वाढवायला मंगळवार, कमी करायला कुठलाही वार," असं काकू म्हणायच्या. आणि दुखण्याचा कायदा याहून कडक होता. "मांडी रडली तर रडू दे. घुटना ओरडला तर थांब. घुटन्याशी झूठ नाही बोलायचं." मला वाटतं, त्या कोणाशीच खोटं बोलत नसत, पण गुडघ्याच्या बाबतीत त्यांनी त्याचं व्रत केलं होतं.

इतकी शहाणी बाई चुकली ती मात्र देवीपायी चुकली.

मी येण्याच्या कितीतरी आधी, गुडघा अगदीच बिघडलेला असताना, त्यांनी मंगला गौरीला नवस बोलला होता. भिंत न धरता तुझ्या दारापर्यंत चढून आले, तर तिथेच एकशे आठ नमस्कार घालीन. श्रावणातल्या एका मंगळवारी आम्ही दोघी पहाटेच निघालो. काकू सून पुढे करत, कुठेही हात न लावता, देवळाच्या दारात पोचल्या. त्यांनी मागे वळून चढलेल्या पायऱ्यांकडे बघितलं. चेहरा असा उजळला होता की मला कॅमेरा काढायचं सुचलं नाही. आणि मी नारळ घेऊन येते तोवर त्यांनी दगडी फरशीवर गुडघे टेकून, कपाळ टेकून नमस्कार घालायला सुरुवात केलीसुद्धा.

मी म्हटलं, काकू, हे थोडे थोडे करून फेडा, देवी काही पळून जात नाही. गुरुजींनीही सांगून पाहिलं. पण आनंद झालेल्या माणसाला कोण थांबवणार. देवीने आपला शब्द पाळला, आता आपण तिला ताटकळत ठेवायचं का, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. अर्ध्याच्या आसपास त्या खाली गेल्या आणि वर आल्या नाहीत. गुरुजींनी आणि फुलवाल्याने देवळातल्या स्टुलावर बसवून त्यांना घरी आणलं. दुपारपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला.

फिजिओची मुलगी आली. तिने गुडघा बघितला, देवघराकडे बघितलं, मग काकूंकडे. "माताजी, मन्नत माँगते समय घुटने से पूछा था?"

 मुलगी गेल्यावर काकू भिंतीकडे तोंड करून रडल्या. दुखत होतं म्हणून नव्हे. "सगळ्या गल्लीला शिकवते मी," म्हणाल्या, "आणि दोन गोधड्यांवर परत मीच." मी त्यांचे पाय उशीवर ठेवले आणि शेजारी बसून राहिले. मला त्या क्षणी त्या फार आवडल्या, हे मी त्यांना सांगितलं नाही, पण इथे सांगते.

पुढे सूज उतरल्यावर त्यांनी देवीशी बोलणी केली. उरलेले नमस्कार खुर्चीवरून उठून-बसून घालीन, रोज थोडे, हात जोडून. मंजूर असेल तर सासूला गप्प ठेव. सासू काही दिवसांत गप्प बसली, तेव्हा मंजुरी आली असं धरून व्यायाम आणि नवस एकाच खुर्चीवर सुरू झाले. खुर्ची काकांची, नमस्कार देवीचे आणि मांड्या आपल्या, असं म्हणून त्या स्वतःवरच खूश व्हायच्या.

पण तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. उशीवर ठेवलेला पाय मुलाने व्हिडिओ कॉलवर पाहिला होता.

मुलगा बंगळूरला. चाळिशीतला, एकुलता एक, संगणकापुढे बसून बसून जाडजूड झालेला. तो वाईट नव्हता. आईला नेण्याचा विषय त्याने आधीही काढला होता, तिथे लिफ्ट आहे, बाग आहे, खाली दुकान आहे. पण त्या दिवशी तो चिडला नाही, ओरडला नाही, आणि म्हणूनच मला भीती वाटली. तो म्हणाला, "आई, तू जिन्यात पडलीस तर मला कळायला किती वेळ लागेल?"

 काकू म्हणाल्या की तिकडे मन नाही लागणार. मुलगा म्हणाला, मन लागेल, आधी तू नीट असायला हवीस. दिवाळीनंतर येतो आणि घेऊन जातो. तेव्हा काकूंच्या तोंडून निघून गेलं, की कार्तिकात ये, मी पंचगंगेला उतरून नहाते आणि चढून येते. कोणी हात नाही धरायचा. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, नाही जमलं तर मी स्वतः सामान बांधीन. मुलाने फक्त "पक्कं?" म्हणून विचारलं. काकू म्हणाल्या, "पक्कं."

फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा उतरला. घाटावर त्या कित्येक वर्षांत उतरलेल्या नव्हत्या. देवळाच्या पायऱ्या वेगळ्या आणि पंचगंगेच्या वेगळ्या, उभ्या आणि उंच, एकेक पायरी माणसाला विचार करायला लावणारी. मी म्हटलं, शब्द मागे घ्या, मी बोलते त्याच्याशी. त्या म्हणाल्या, सूज उतरली की आधी गोधडी आण.

ते महिने मी विसरणार नाही. दोन गोधड्या, मग एक, मग नुसती खुर्ची. मग तळाशी जरा पाणी घातलेली कळशी, आणि मंगळवारचं फुलपात्र. दूध तापेपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून चढणं-उतरणं, दिवसाआड, कारण फिजिओच्या मुलीने सांगितलं होतं की मधल्या दिवशी स्नायूंना विश्रांती मिळाली नाही तर केलेलं फुकट जातं. काकूंना विश्रांतीचा दिवस सर्वात कठीण जायचा. त्या दिवशी त्या काकांच्या खुर्चीकडे बघत नुसत्या बसायच्या आणि मला सांगायच्या, की इथे मी लग्न होऊन आले, इथे हे गेले, आता लिफ्टमध्ये उभी राहून मी कोणाची वाट बघू. हे ऐकून मला रात्रीचं जेवण जात नसे.

मुलगा कार्तिकात आला. पौर्णिमेचा दिवस त्याने सुचवला तर काकूंनी धुडकावला. पौर्णिमेला गर्दीच माणसाला उचलून नेते, त्यात माझं काय, म्हणाल्या. साधा गुरुवार निवडला. उजाडताना आम्ही तिघं निघालो. घाटावर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतले आकाशदिवे विझत आले होते. पुराचा गाळ खालच्या पायऱ्यांवरून धुऊन काढला होता, तरी दगड ओलसर होते. काकू उतरू लागल्या. सासू पुढे, मग सून तिच्याशेजारी. पुन्हा सासू, पुन्हा सून. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय एकत्र. मुलगा एक पायरी खाली, तोंड वर करून, हात न लावता हात पसरून उलटा उतरत होता. त्याला पाहून मला भरून आलं.

काकू पाण्यात गेल्या. नाक धरून बुडी मारली, वर आल्या, आणि सूर्याकडे तोंड करून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मी साडीचा आडोसा धरला, त्यांनी कोरडं नेसून घेतलं.  

मग चढण. सून पुढे. अर्ध्याहून जास्त चढून झाल्या. वरचा सपाट चबुतरा अगदी समोर आला होता, थोड्याच पायऱ्या उरल्या होत्या, आणि मला दिसलं, काकू थबकल्या. चेहऱ्यावर क्षणभर कळ उमटून गेली. गुडघा ओरडला होता. मी मनात म्हटलं, आता दात-ओठ खाऊन चढून जा, दोन मिनिटांचा प्रश्न आहे, नंतर काय ती सूज बघू.

काकूंनी वर बघितलं, मुलाकडे बघितलं. आणि तिथेच पायरीवर बसल्या.

"ओरडला," म्हणाल्या. "थांबावं लागेल."

 मुलाचा हात पुढे आला होता. काकूंनी त्या हाताकडे बघून मान हलवली, तसा त्याने तो मागे घेतला आणि तो त्यांच्याशेजारी बसला. मी एक पायरी खाली.  एक होडी गेली, दुसरी गेली. काकू पदराने केस पुसत राहिल्या, मधूनच पाय लांब करून, आखडून बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, की लहानपणी तू मला इथून कडेवर घेऊन चढायचीस. काकू म्हणाल्या, आणि तू सगळा रस्ता माझे केस ओढायचास.

मग त्यांनी पाय जवळ घेतले. दोन्ही हात मांड्यांवर ठेवले. ती पायरी काकांच्या खुर्चीहून पुष्कळ खाली होती आणि तिच्यावर एकही गोधडी नव्हती. नाक पुढे आलं, अंगठ्यांच्याही पुढे आलं. काकू हळूहळू, कळशी भरलेली असावी तशा, न हिंदकळता उठून उभ्या राहिल्या. गुडघ्याला विचारून बघितलं. तो गप्प होता.

मुलगाही उठायला गेला. कट्‌ असा आवाज मला खाली ऐकू आला. "आई गं," म्हणत तो परत बसला. पुन्हा प्रयत्न केला, बाजूला धरायला काही आहे का बघितलं, तिथे काहीच नव्हतं. तो माझ्याकडे बघून ओशाळं हसला.

काकूंनी पाय फाकवून घट्ट रोवले आणि हात पुढे केला. "पकड. माझा हात कोणी नाही धरायचा, असं ठरलं होतं. मी कोणाचा नाही धरायचा, असं कुठे ठरलं?"

त्याने हात धरला. हसता हसता त्याचे डोळे भरले, मला दिसले. काकूंनी त्या एवढ्या मोठ्या पोराला ओढून उभं केलं, आणि मग तो त्यांच्या मागोमाग, सून कुठे आणि सासू कुठे हे बघत बघत, आईसारखीच पावलं टाकत वरपर्यंत आला.

घरी आल्यावर न्यायचा विषय निघाला नाही. मी चहा ठेवला. काकूंनी बाहेरच्या खोलीत काकांच्या खुर्चीवरचं उपरणं काढून खुंटीवर टाकलं, दोन गोधड्या दुमडून खुर्चीवर ठेवल्या, आणि मुलाला म्हणाल्या, बस. तो खुर्चीसमोर उभाच राहिला. वडिलांच्या त्या खुर्चीत तो आयुष्यात बसला नव्हता.

"बस," काकू पुन्हा म्हणाल्या. "त्यांना सांगितलंय मी, सरकतील."

तो हळूच टेकला. मी सवयीने देवघरातली कळशी उचलून आणली, तर काकूंनी मला दारातच थांबवलं.

"आज नको," म्हणाल्या. "आज नुसताच उठू दे त्याला."